न पाहिलेल्या सिंहाच्या मागे

चैत्र, बेलापूर ते वेहेरगाव

चैत्राचं ऊन सकाळी नवालाच तापलंय. नवी मुंबईतल्या एका आगरी-कोळी गावातून एकवीरेच्या दर्शनाला निघालेल्या बसमध्ये तुम्हाला खिडकीपाशी जागा मिळाली आहे. पुढे झेंडूच्या माळांनी मढवलेली पालखी, मागे बँजोवाले आणि मधे मांडीवर नारळाच्या पिशव्या घेऊन बसलेल्या आयाबाया. नवी मुंबई वसवायला सिडको १९७० साली आली. त्याआधी या माणसांच्या दाराशी भाताची खाचरं होती, मिठागरं होती, खाडीत होड्या होत्या. जमिनी गेल्या, त्यांच्यावर सेक्टर उभे राहिले, पण एकवीरेची वाट मोडली नाही. पनवेल मागे पडतं, बस बोरघाट चढते आणि लोणावळ्याच्या पुढे वेहेरगावच्या पायथ्याशी तुम्ही उतरता.

पायऱ्यांवर गुलाल सांडलाय. ढोल घुमतोय. पालखी खांद्यावर घेऊन पोरं नाचत चढताहेत आणि ‘एकवीरा आईचा उदो उदो’ म्हणत सगळी गर्दी वर लोटते. डोंगराच्या पोटात कोरलेल्या कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या अगदी तोंडाशी देवीचं देऊळ आहे. माणसं त्याच बाजूला वळतात. तुम्ही क्षणभर दुसऱ्या बाजूला पाहा. तिथे सोळा पैलूंचा एक उंच खांब आहे आणि त्याच्या माथ्यावर पाठीला पाठ लावून बसलेले चार सिंह.

दर्शनाची रांग अजून बरीच आहे. खांबावर तळहात टेका.

इ. स. १२० च्या आसपास, तोच डोंगर

ढोल थांबतो आणि त्या जागी छिन्नीचा ठोका ऐकू येतो. एक, मग दुसरा, मग डोंगराच्या पोटातून आलेला त्याचा पडसाद.

देऊळ अजून नाही. तुमच्या हाताखालचा दगड नुकता तासलेला आहे, बोटांना खरखरीत लागतो. हा खांब कुणी बाहेरून आणून रोवलेला नाही. भोवतीचा कातळ काढत गेले आणि खांब तेवढा मागे ठेवला. त्याच्यावर ब्राह्मी अक्षरांत दात्याचं नाव कोरलंय: गोतिपुत्र अगिमित्रणक, पदवीने महारठी, आणि दान सिंहस्तंभाचं. आतल्या खांबांवर आणखी नावं आहेत. कुणी सोपाऱ्याचा, कुणी धेनुकाकट गावचा यवन. दाराचं काम करवून घेणारा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी, त्याचं नाव सिंहदत्त. बोरघाटाने बंदरांकडे जाणारा व्यापार या डोंगराच्या पायथ्याशी थांबतो आणि आपल्या कमाईतला थोडा वाटा इथे दगडात ठेवून पुढे जातो.

आता त्या चार सिंहांकडे नीट पाहा. ज्या हातांनी ते घडवले, त्या हातांच्या मालकाने जिवंत सिंह पाहिलेला असण्याची शक्यता फार थोडी. आशियाई सिंहाचा वावर नर्मदेच्या उत्तरेला, असंच प्राणिशास्त्राचे अभ्यासक मानतात. या घाटात वाघ आहे. रात्री त्याची डरकाळी ऐकून भिक्खू लेण्याच्या आत सरकत असतील. वाघाचा ठसा चिखलात दिसतो, ओढून नेलेल्या वासराचं रक्त दिसतं. सिंहाचं मात्र इथे काहीच दिसत नाही. तो आला तो धर्माबरोबर. बुद्ध शाक्यांचा सिंह आणि त्याचा उपदेश हा सिंहनाद, म्हणून स्तंभावर सिंह. अशोकाच्या कारागिरांनी सारनाथला घडवला, त्यांच्या हातून पुढच्यांनी घेतला, आणि अशा कैक पिढ्यांनंतर तो सह्याद्रीतल्या या माणसाच्या छिन्नीखाली उतरला. न पाहिलेलं जनावर हाताकडून हाताकडे आलं.

हाच सिंह बुद्धाच्या मागोमाग निघाला आहे. वायव्येच्या खिंडींमधून मध्य आशियात, तिथून चीनमध्ये, पुढे कोरियात. त्याच्या मागे चला. सहाशे वर्षांची चाल आहे.

इ. स. ७५२, नारा

चौथ्या महिन्याची नववी तिथी. जपानची राजधानी नारा, आणि तुम्ही तोदाइजी मंदिराच्या प्रांगणात उभे आहात. एवढी माणसं एका जागी तुम्ही पंढरपूरलाच पाहिली असतील. काषाय वस्त्रांच्या ओळीमागून ओळी; जपानी बखरकार हा आकडा दहा हजार भिक्षूंचा सांगतात. समोर लाकडी महामंदिरात काशाचा महाबुद्ध बसलेला आहे, पाच मजली इमारतीएवढा. सोन्याचा मुलामा अजून पुरा व्हायचा आहे, त्यामुळे काही भाग झळाळतो आणि काही काळसर दिसतो. मूर्तीला डोळे काढायचे राहिले आहेत. आज ते उघडायचे.

हा मान ज्याला मिळाला त्याचं नाव ऐका: बोधिसेन. भारतातल्या ब्राह्मण कुळात जन्मलेला हा भिक्षू चीनमध्ये पोचला आणि जपानी दूतांच्या विनंतीवरून समुद्र ओलांडून ७३६ साली इथे आला. आता तो हातात मोठा कुंचला घेऊन मूर्तीच्या मुखापाशी उभा आहे. कुंचल्याला लांबच लांब निळी दोरी बांधलेली आहे आणि ती वरून खाली गर्दीत सोडली आहे. निवृत्त सम्राट शोमू, त्यांची राज्यावर असलेली मुलगी सम्राज्ञी कोकेन, दरबारी, भिक्षू, सगळे ती दोरी धरून उभे आहेत, म्हणजे डोळे उघडण्याचं पुण्य सर्वांच्या हाताला लागावं. तुमच्या शेजारचा म्हातारा भिक्षू सरकून तुम्हाला जागा करून देतो. तुम्हीही दोरीला बोट लावता. वर कुंचला हलतो, त्याची बारीक थरथर दोरीतून तुमच्या बोटापर्यंत येते.

मग वाद्यं वाजू लागतात. बासरी, कमरेला बांधलेला ढोल, झांजा. मिरवणूक निघते. सगळ्यात पुढे लांब नाकाच्या मुखवट्याचा वाट काढणारा आणि त्याच्यामागून डुलत, मान झटकत येतो सिंह.

दोन माणसं कापडाखाली आहेत, हे तुम्हाला कळतं. पुढच्याच्या हातात लाकडी मस्तक आहे. त्याचा जबडा उघडतो आणि खटकन मिटतो. बरोबर सिंहाला सांभाळणारी मुलं आहेत. सिंह जमिनीला नाक लावतो, एका बाजूला झुकतो, एकदम उसळून प्रेक्षकांकडे धावतो, आणि गर्दी हसत-किंचाळत मागे सरते. यांतल्या एकानेही सिंह पाहिलेला नाही. त्या काळी जपानच्या बेटांवर सिंह नव्हता.

या खेळाला गिगाकु म्हणतात. ६१२ साली कोरियातल्या बेक्जे राज्यातून मिमाशी नावाचा कलावंत आला, त्याने तो जपानी मुलांना शिकवला, असं जपानच्या जुन्या इतिहासग्रंथात नोंदलं आहे. सिंहाच्या मागून येणारी सोंगं पाहा, तुमची त्यांच्याशी ओळख निघेल. चोच पुढे काढलेला हा गरुड आहे. इथे त्याला ‘कारुरा’ म्हणतात. त्याच्यामागचा हा ‘बारामोन’, म्हणजे ब्राह्मण, आणि त्याच्या वाट्याला आलेला खेळ आहे बाळाची दुपटी धुण्याचा. लोक पोट धरून हसताहेत. गरुड, ब्राह्मण, सिंह: एवढ्या दूरच्या अंगणात हे सगळे आपापले मुखवटे चढवून हजर आहेत.

मस्तकं अख्खं डोकं झाकणारी, कापराच्या नाहीतर पौलोनियाच्या लाकडाची, काही लाखेच्या थरांची. त्या दिवसानंतर ती मंदिराच्या कोठारात गेली. नाराच्या शोसोइन भांडारात गिगाकुचे १७१ मुखवटे आजही जपून ठेवलेले आहेत. ती निळी दोरीही आहे. पण ते सोंगाचं नाटक, तो ब्राह्मण, तो गरुड, त्यांची पावलं, हे सगळं पुढच्या शतकांत विरून गेलं. मुखवटे राहिले, नाचणारे राहिले नाहीत.

टिकला तो सिंह. तो मिरवणुकीतून बाहेर पडला आणि खेड्यापाड्यांच्या देवळांकडे चालता झाला.

इ. स. १८३०, बिवा तळ्याकाठचं एक खेडं

हजार वर्षं ओलांडून तुम्ही एका भातशेतीच्या गावात आला आहात. गावाच्या कडेला देवराईसारखी जुन्या झाडांची दाटी, तिच्यात शिंतो देवस्थान, पुढे लाल कमान. बांधावरून बासरीचा आवाज येतो, मग ढोलाचा. घरातली माणसं हात पुसत बाहेर धावतात. इसेहून सिंह नाचवणारे दाइकागुरावाले आले आहेत.

इसेचं महाक्षेत्र या गावापासून बरंच लांब आहे. शेतकऱ्याला शेत सोडून एवढं कुठे जाता येणार? म्हणून इसेची ही सिंहमंडळी गावोगाव फिरतात. देवस्थानच्या अंगणात खेळ करतात, आणि त्याआधी घरोघर जाऊन दारात, चुलीपुढे सिंह नाचवतात, घर शुद्ध करतात, इसेच्या देवीच्या नावाचा कागदी प्रसाद देतात. आपल्या कोकणात शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी घरोघर जाते, तेव्हा उंबऱ्यावर जी धांदल आणि जो आनंद असतो, तोच इथे दिसतो. म्हातारी माणसं आधीच हात जोडून बसली आहेत.

सिंह आता लाखेच्या रोगणाचा आहे. दात सोनेरी, अंगावरचं कापड गर्द हिरवं, त्यावर पांढऱ्या वेलींची वळणं. आतल्या माणसाच्या हातात घुंगरांचा झुबका आणि कागदी पट्ट्यांची काठी. सिंह ती दोन्ही हलवत सावकाश फेर धरतो. हालचाल इतकी संथ की आत माणूस आहे, हे तुम्ही विसरता. मग अचानक मान वर जाते आणि जबड्याची टाळी वाजते. टक्.

एक आई तान्ह्याला पुढे धरते. सिंह वाकतो आणि बाळाचं डोकं जबड्यात घेतो. बाळ भोकाड पसरतं, आई समाधानाने हसते. सिंहाने डोक्याला दात लावले की ईडापीडा तो खाऊन टाकतो, मूल वर्षभर धडधाकट राहतं, अशी श्रद्धा आहे. पुढे आजोबा डोकं वाकवतात. मग सून. मग तुमच्याकडे सगळे पाहतात.

तुम्हीही वाकता. लाकडाचा थंड स्पर्श टाळूला होतो, वरून एक दात, खालून एक. आणि त्या काळोख्या जबड्यातून तुमच्या कपाळावर ऊन श्वास येतो. आतल्या माणसाला धाप लागली आहे. इतका वेळ तुम्ही सिंह पाहत होता. आता कुठे तुम्हाला कळतं की तो दमतोही.

त्या श्वासाचा माग धरून आणखी पुढे या. आता घराकडे.

इ. स. १९४०, जव्हार संस्थान

होळी होऊन गेली आहे. जंगलात मोह गळतोय आणि त्याचा गोड-आंबूस वास रात्रीच्या वाऱ्यावर येतोय. मुकणे राजांच्या जव्हार संस्थानातलं हे डोंगरातलं गाव. वीज नाही. देवीच्या देवळापुढे मोकळी वाट राखली आहे, तिच्या दोन्ही बाजूंना माणसं दाटीने बसली आहेत. पाड्यापाड्यांवरून पाहुणे आले आहेत: वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर. पोरं घोंगड्यांत गुरफटली आहेत, पण झोपलेलं एकही नाही. आज बोहाडा आहे.

बोहाडा म्हणजे देवीच्या उत्सवातली सोंगांची रात्र. कुणी याला भोवाडा म्हणतं. संबळ कडाडतो, पिपाणी सूर धरते, टेंभ्यांच्या उजेडात पहिलं सोंग येतं ते गणपतीचं. मग मोरावरची शारदा. त्यानंतर रात्र चढत जाईल तशी रामायण-महाभारतातली, पुराणातली आणि रानातली सगळी मंडळी एकेक करून हजेरी लावतील. शूर्पणखा येईल, भीम आणि बकासुर येतील, खंडेराव येईल, वेताळ येईल, दहा तोंडांचा रावण येईल. पहाटे देवी स्वतः महिषासुराशी लढेल. प्रत्येक सोंगाचा ताल वेगळा, चाल वेगळी. गणपतीच्या चालीवर राक्षस नाचत नाही. कुठे सोंग एखाद्या घराण्याकडे मानाने चालत आलेलं असतं, कुठे गावकीत बोली लावून ते घेतात. पैसे देऊन माणूस इथे देव होण्याची जबाबदारी पत्करतो.

तुम्ही मात्र आज प्रेक्षकांत नाही. देवळामागच्या झोपडीत, कुडाला टेकून बसला आहात. सकाळपासून पोटात अन्न नाही. तुमच्या वाट्याला नरसिंह आला आहे.

मुखवटा समोर पाटावर ठेवलाय. कुंकू लावलंय, नारळ फुटलाय. पुढून त्याचं तोंड लालभडक आहे, जीभ बाहेर, डोळे वटारलेले, कडेने वाखाची आयाळ. हा सिंह कार्ल्याच्या सिंहासारखा नाही, नाराच्याही नाही. नाक वाघाच्या जवळ जाणारं, भुवया माणसाच्या. कारागिराने रानात पाहिलेल्या वाघावरून कथेतला सिंह ताडला आहे. त्याच्याही गावात सिंहाला कुणी पाहिलेलं नाही.

आता मुखवटा उलटा करून आतून पाहा. रंग सगळा पुढे, आत उघडं लाकूड. वाकसाच्या टवक्यांच्या खुणा तशाच आहेत. कपाळ टेकतं तिथे लाकूड काळपट, गुळगुळीत झालंय. तुमच्या आधी ज्यांनी ज्यांनी नरसिंह घेतला, त्यांचा घाम आणि तेल तिथे मुरलंय. हनुवटीच्या बाजूला दातांनी धरून धरून कड झिजली आहे. पुढची बाजू दर काही वर्षांनी रंगवतात. आतली बाजू कुणी रंगवत नाही.

एक म्हातारा तुमच्या डोक्याला धोतराच्या पट्ट्या गुंडाळतो, वर मुखवटा बसवतो आणि दोऱ्या मानेमागे आवळून बांधतो. जग एकदम लहान होतं. डोळ्यांच्या वटारलेल्या बुबुळांतून काहीच दिसत नाही. खालच्या बारीक फटीतून समोरची तीन हात जमीन तेवढी दिसते. स्वतःचाच श्वास कानात घुमतो. ओझं कपाळावर नाही, मानेच्या मुळाशी येतं.

“मान खाली टाकू नको पोरा,” म्हातारा कानाशी वाकून सांगतो. “पायांना काही शिकवू नको. संबळ सांगेल तसं चाल.”

तुम्ही बाहेर पडता. टेंभेवाले पुढे, त्यांची आच अंगाला लागते. संबळवाला तुमच्याकडे तोंड करून, मागे मागे चालत वाजवतोय. पहिली काही पावलं चुकतात. मग एका ठोक्यावर टाच पडते, पुढच्यावर गुडघा वाकतो, आणि त्यानंतर पावलं तुम्ही टाकत नाही. दोन्ही बाजूंचा कलकलाट बंद झालाय. फटीतून तुम्हाला वाटेच्या कडेला टेकवलेले हात दिसतात, जमिनीला लागलेली कपाळं दिसतात. एक बाई पोराला तुमच्या पायाशी आणते. पोर तुमचं तोंड पाहून किंकाळी फोडतं. आई त्याला घट्ट धरते, पण मागे घेत नाही.

हिरण्यकश्यपू समोर येतो. तो तुमच्याच पाड्यावरचा, दुपारी तुमच्याबरोबर पाणी भरायला होता. आता त्याच्या डोळ्यांत ओळख नाही. संबळ चढतो. घराच्या आत नाही, बाहेर नाही. दिवस नाही, रात्र नाही. माणूस नाही, पशू नाही, असा तो मरायचा आहे. तुम्ही त्याला मांडीवर घेता. त्या क्षणी तुम्ही कोण आहात, हे तुम्हाला विचारलं तर उत्तर देता येणार नाही. सिंह कुणी पाहिला, हा प्रश्नच उरत नाही. अख्खा गाव तो पाहतोय, आणि तो तुमच्या खांद्यांवर उभा आहे.

परत झोपडीत आल्यावर म्हातारा दोऱ्या सोडतो. गार वारा तोंडाला लागतो. तुम्हाला कुणी शाबासकी देत नाही. मुखवटा पाटावर ठेवून आधी त्यालाच नमस्कार करतात, मग तुम्हाला पाणी देतात. बाहेर पुढचं सोंग निघालं आहे. रात्र अजून मोठी आहे, आणि उजाडताना देवीच्या हातून महिषासुर पडेपर्यंत कुणी उठणार नाही.

आज, मोखाडा आणि उलवे

१९४८ साली जव्हार संस्थान विलीन झालं. २०१४ साली ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा झाला. जव्हार, मोखाडा, विक्रमगड, तिकडे नाशिकच्या पेठ-सुरगाण्याच्या डोंगरांतही बोहाडा अजून होतो. टेंभ्यांच्या जोडीला विजेचे दिवे आले, लाकडी मुखवट्यांच्या जोडीला कागदाच्या लगद्याचे हलके मुखवटे आले. जव्हारच्या बाजूला साच्यावर भिजल्या कागदाचे थर चढवून ते करणारे कारागीर आहेत. शहरातली माणसं ते मुखवटे दिवाणखान्यात लावायला विकतही घेतात.

पण तुम्ही आत्ताच आतून आला आहात. मुखवटा भिंतीवर लागल्याने बोहाडा टिकत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. शोसोइनमध्ये १७१ मुखवटे साडेबाराशे वर्षं शाबूत राहिले आणि गिगाकु गेला. जपानच्या खेड्यांतला सिंह राहिला, कारण दर वर्षी कुणीतरी त्या कापडाखाली शिरत राहिलं. आता तिथेही तरुण टोकियो-ओसाकाला निघून गेले आहेत. कित्येक गावांत सिंह उचलायला माणसं पुरत नाहीत. काही गावांनी मग जुना नियम बाजूला ठेवून मुलींना, लहान मुलांना, बाहेरगावच्यांना नाचात घेतलं, आणि देवस्थानचं अंगण रिकामं पडू दिलं नाही.

मोखाड्याची गत वेगळी नाही. भात निघालं, दिवाळी झाली की घरंच्या घरं कुलूप लावून कामाला बाहेर पडतात: भिवंडीकडे, वीटभट्ट्यांवर, ठाण्याला, नवी मुंबईला. उलवे, खारघर, तळोजा इथल्या उंच इमारतींच्या सेंटरिंगवर, खणलेल्या चरांमध्ये, सकाळच्या मजूर नाक्यावर जी पोरं उभी दिसतात, त्यांत जव्हार-मोखाड्याची आहेत. एखाद्याच्या आजोबांनी नरसिंह घेतला असेल. एखाद्याच्या घरात रावण असेल. सोंगाची चाल पुस्तकातून शिकता येत नाही. ती पोराने बापामागे उभं राहून, संबळ ऐकत अंगात मुरवायची असते. एक वर्ष चुकलं तर चालतं. सलग पाच-सात वर्षं पोर गावी गेलंच नाही, तर म्हातारा कुणाच्या डोक्याला पट्ट्या गुंडाळणार?

मला वाटतं, या प्रश्नाचं निम्मं उत्तर मोखाड्यात आहे आणि निम्मं इथे, नवी मुंबईत. एकवीरेच्या पालखीसाठी कचेरीतून रजा काढणाऱ्या आगरी-कोळी माणसाला त्याचं कारण कुणी विचारत नाही. देवीचं काम, एवढं पुरतं. डोंगरातल्या पोराच्या देवीलाही तेवढंच पुरायला हवं. रोजंदारीच्या कामावर रजा नसते, खाडा असतो, आणि परत आल्यावर जागा गेलेली असते. तुम्ही साइटवर सुपरवायझर असाल, तुमच्या सोसायटीचं काम कुणा कंत्राटदाराला दिलं असेल, तर होळीनंतर ‘गावी बोहाडा आहे’ म्हणून सांगायला आलेल्या मुलाला जाऊ द्या आणि त्याचं काम त्याच्यासाठी राखून ठेवा. तो मौजेला निघालेला नाही. गावात एक जागा त्याच्याविना रिकामी राहणार आहे.

आणि त्याने ‘चला’ म्हटलं तर जा. अंगावर घ्यायला काहीतरी असू द्या, डोंगरात रात्री गारठा असतो. टेंभ्यांपासून थोडं लांब बसा. झोप आली तरी उठू नका. देवी आणि महिषासुर पहाटेच येतात.